लाटेकमधून वर्डमध्ये: पँडॉक की टेक्सफोरएचटी?

नियतकालिकाने लाटेकमध्ये (आदेश लिहून मजकूर आणि समीकरणे जुळवण्याच्या प्रणालीत) लिहिलेल्या लेखाची वर्ड फाइल मागितली, तर पीडीएफ थेट वर्डमध्ये उघडू नका. समीकरणांचा पार चुराडा होतो. साध्या लेखाला पँडॉक हा फाइलचे रूपांतर करणारा प्रोग्रामच घ्या.

पँडॉक टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) न चालवता मूळ फाइल स्वतः वाचतो. काम झटपट होते आणि समीकरणे वर्डमध्ये दुरुस्त करता येतील अशी उतरतात, हे फार मोलाचे. सिटप्रोकचा (संदर्भ जुळवणारा) पर्याय आणि बिब फाइल (संदर्भांची यादी) द्यायला विसरलात, तर संदर्भसूची तयार होत नाही. टिक्झच्या (लाटेकमध्येच आदेशांनी काढलेल्या) आकृत्या गळतात. त्या आधीच पीएनजी करून जोडा. समीकरणांचे क्रमांक एकेक तपासा.

टेक्सफोरएचटी हा दुसरा रूपांतर प्रोग्राम प्रत्यक्ष टेक चालवतो, म्हणून क्रमांक आणि स्वतः बनवलेले आदेश सहसा शाबूत राहतात. मात्र वर्ड फाइलऐवजी ओडीटी (लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रामची फाइल) मिळते. ती लिब्रेऑफिसमधून वर्डमध्ये जतन करताना तक्त्यांची रुंदी बिघडू शकते.