‘शिन गॉडझिला’ : ‘नुसत्या बैठकाच आहेत’ या तक्रारीविषयी

‘शिन गॉडझिला’ हा गॉडझिला नावाच्या महाकाय राक्षसावरचा जपानी चित्रपट पाहून झाल्यावर आमच्या जपानी भाषेच्या वर्गातल्या दोघांमध्ये जो वाद झाला, तोच वाद या चित्रपटाविषयी जिथे जिथे बोलणे निघाले तिथे मला पुन्हा ऐकू आला. एकाचे म्हणणे होते की, दोन तासांच्या चित्रपटात राक्षस थोडा आणि बैठकाच फार. टेबलाभोवती बसलेली माणसे एकमेकांचे बोलणे तोडत भराभर बोलत राहतात आणि त्यांतल्या एकाच्याही घरी कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. दुसरीचे म्हणणे होते की, संकट आल्यावर देशाच्या राजधानीत प्रत्यक्षात काय होत असेल, हे इतक्या बारकाईने दाखवणारा चित्रपट तिने आजवर पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पहिल्याच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा पाहिल्यानंतर माझे मत पार बदलले, आणि ते का बदलले हे सांगावेसे वाटते म्हणून हे लिहीत आहे.

तोहो कंपनीचा हा चित्रपट २९ जुलै २०१६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीची बारा वर्षे तोहोने जपानी गॉडझिलापट काढलेला नव्हता. पटकथा आणि मुख्य दिग्दर्शन हिदेआकी आन्नो यांचे असून सहदिग्दर्शन आणि दृश्यपरिणामांची धुरा शिंजी हिगुची यांनी सांभाळली आहे. १९५४च्या मूळ चित्रपटापासून चालत आलेला सगळा इतिहास इथे बाजूला ठेवला आहे. या जपानने गॉडझिलाचे नावदेखील कधी ऐकलेले नाही. त्यामुळे समुद्रातून वर येणाऱ्या त्या प्राण्याला काय म्हणावे, त्याला कोणता कायदा लावावा आणि त्याच्यावर गोळी झाडण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत खरोखरच निर्माण होतात. तो उपद्रवी वन्यप्राणी धरायचा की नैसर्गिक आपत्ती? आत्मसंरक्षण दलाला, म्हणजे जपानच्या सैन्याला, मदतकार्यासाठी पाठवायचे की शस्त्रे वापरण्यासाठी? एका प्रकारची बैठक संपली की दुसऱ्या प्रकारच्या बैठकीसाठी तेच मंत्री उठून दुसऱ्या दालनात जातात, कारण नियमच तसा आहे; आणि एका ठिकाणी तर पडद्यावर ‘मधला भाग वगळला’ अशी पाटी येऊन बैठक मध्येच तोडली जाते. पहिल्यांदा मला इथेच कंटाळा आला होता. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की, या प्रत्येक मिनिटाला बाहेर तो प्राणी नदीतून वर सरकत आहे आणि दिग्दर्शक आपल्याला त्या मिनिटांचा हिशेब देत आहे.

पंतप्रधान ओकोची पत्रकार परिषदेत जनतेला धीर देतात की, तो प्राणी जमिनीवर येण्याची शक्यता नाही, आला तरी स्वतःच्या वजनाखाली चिरडला जाईल. हे वाक्य बोलून होते न होते तोच त्यांच्यापर्यंत निरोप येतो की, प्राणी तोक्योच्या कामाता भागात जमिनीवर आलेला आहे. रेन ओसुगी यांनी हा पंतप्रधान इतक्या संयमाने उभा केला आहे की, तो मूर्ख वाटत नाही आणि दुष्टही वाटत नाही. आयुष्यभर इतरांनी तयार केलेल्या टिपणांवर सही केलेला आणि आज पहिल्यांदाच टिपण नसलेला माणूस वाटतो. त्याआधी बोलावलेल्या नामवंत तज्ज्ञांनी काही ठोस सांगायचेच टाळलेले असते. प्राण्याला पाय असू शकतात आणि तो जमिनीवर येऊ शकतो, हे स्पष्टपणे सांगणारी एकच व्यक्ती निघते, ती म्हणजे पर्यावरण मंत्रालयातील कनिष्ठ पदावरची अधिकारी हिरोमी ओगाशिरा.

जपानी प्रेक्षकांना हा चित्रपट इतका का भिडला, हे समजण्यासाठी ११ मार्च २०११ची आठवण ठेवावी लागते. त्या दिवशीचा भूकंप, त्यानंतरची त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातील अपघात हे सगळे तिथल्या लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते. मंत्र्यांच्या अंगावरचे निळे आपत्तीकालीन गणवेश त्यांनी त्या वेळी दिवसेंदिवस पाहिले होते, आणि ‘सोतेइगाई’, म्हणजे ‘आम्ही गृहीत धरले होते त्याच्या पलीकडचे’, हा शब्द अधिकाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की तो शब्दच संतापाचा विषय झाला होता. चित्रपटात कामाताच्या अरुंद नदीपात्रातून तो प्राणी पुढे सरकतो तेव्हा त्याच्यापुढे होड्यांचा आणि मोडतोडीचा ढीग लोटला जातो, रस्त्यावर आल्यावर मोटारी तशाच उलथत जातात. ती चित्रे कुठून आली हे कोणत्याही जपानी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. १९५४च्या गॉडझिलामागे अणुबाँब आणि हायड्रोजन बाँबच्या चाचण्या होत्या. या गॉडझिलामागे त्सुनामी आणि किरणोत्सर्ग आहेत. त्या प्राण्याच्या पहिल्या जमिनीवरच्या रूपाला, त्याच्या बटबटीत डोळ्यांना आणि कल्ल्यांतून सांडणाऱ्या लाल रक्ताला काही प्रेक्षक हसले, हे मी ऐकले आहे. मला मात्र ते रूप फार अस्वस्थ करणारे वाटले, कारण त्या डोळ्यांत काहीही नाही, रागही नाही. त्सुनामीलाही राग नसतो.

शिनागावाजवळ हल्ल्याची हेलिकॉप्टरे सज्ज झालेली असतात. गोळीबार करू का, ही विचारणा वैमानिकाकडून त्याच्या वरिष्ठाकडे, तिथून आणखी वर, मंत्रालयाकडे आणि शेवटी पंतप्रधानांपर्यंत जाते, आणि होकार त्याच पायऱ्यांनी खाली येत असताना रेल्वे फाटकावर वृद्धेला पाठीवर घेऊन रूळ ओलांडणारा माणूस दिसतो. नागरिक दिसल्याची बातमी पुन्हा त्याच साखळीने वर जाते आणि पंतप्रधान गोळीबार थांबवतात. प्राणी समुद्रात परत जातो. त्यांनी थांबवले नसते तर पुढचा संहार टळला असता का? चित्रपट याचे उत्तर देत नाही. ज्यांना हा चित्रपट नोकरशाहीची टिंगल वाटतो त्यांनी आणि ज्यांना तो नोकरशाहीचे गुणगान वाटतो त्यांनीही हा प्रसंग पुन्हा पाहावा, असे मला मनापासून वाटते. नियमांची तीच साखळी इथे एका वृद्धेचा जीव वाचवते आणि तीच साखळी शहराला महागात पडते.

याच बोलण्याच्या भडिमारामुळे मधल्या संहाराच्या प्रसंगाला धार येते. गॉडझिला दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याची उंची ११८.५ मीटर झालेली असते. तामा नदीवरचा रणगाड्यांचा आणि विमानांचा मारा त्याला अडवू शकत नाही. मग रात्री अमेरिकी बाँबफेकी विमाने त्याची पाठ फोडतात. पाठीवरच्या पात्यांमध्ये जांभळा प्रकाश पेटतो, खालचा जबडा दुभंगतो, तोंडातून आधी काळा धूर रस्त्यांवर पसरतो, मग त्याची आग होते आणि मग ती आग बारीक होत होत एका जांभळ्या किरणाची सुरी बनते. शिरो सागिसु यांचे संथ, शोकगीतासारखे संगीत सुरू असते आणि तोक्योच्या इमारती कापल्या जात असतात. पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाला सुरक्षित जागी नेणारे हेलिकॉप्टर त्या किरणात सापडते. तासाभराहून अधिक वेळ जी माणसे बोलत होती, ज्याच्या त्याच्या हुद्द्याची पाटी आपण वाचत होतो, ती सगळी एका क्षणात गप्प होतात. मला त्या क्षणी रडू आले, आणि मंत्र्यांसाठी रडू येईल असे मला कधी वाटले नव्हते. आधीच्या बैठका कापून टाकल्या असत्या तर हा प्रसंग केवळ नेत्रदीपक राहिला असता.

यानंतरचा भाग तरुण राजकारणी रान्दो यागुची याच्या पथकाचा आहे. हिरोकी हासेगावा यांनी ही भूमिका केली आहे. बढतीशी संबंध नसलेले, एकलकोंडे, विक्षिप्त, वरिष्ठांना नकोसे झालेले असे लोक या पथकात जमवलेले आहेत आणि त्यांना सुरुवातीलाच सांगितले जाते की, इथे हुद्दा पाहू नका, मोकळेपणाने काम करा. इथे दिग्दर्शक लहान लहान गोष्टींवर थांबतो. खोलीत छायाप्रत यंत्रे ओढत आणली जातात, माणसे खुर्च्यांवरच झोपतात, एक वयस्क कर्मचारी बाई थकलेल्या मंडळींना चहा देत फिरते. संहारानंतर यागुचीचा तोल सुटतो तेव्हा त्याचा सहकारी पाण्याची बाटली त्याच्या छातीवर टेकवून ‘आधी तू शांत हो’ एवढेच म्हणतो. मिकाको इचिकावा यांची ओगाशिरा सगळ्या चित्रपटभर चेहऱ्यावरची रेघही हलू देत नाही. अगदी शेवटी, पसरलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे वीस दिवसांचाच आहे, म्हणजे तोक्यो पुन्हा राहण्याजोगे होईल, हे कळल्यावर ती किंचित हसते. पात्रांना घर नाही, भावना नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी ते हसू पाहिले नसावे.

हंगामी पंतप्रधान होणारे कृषिमंत्री तर माझे फार आवडते पात्र आहे. हल्ल्याच्या वेळी परदेशात असल्यामुळे ते वाचलेले असतात; या पदासाठी त्यांना कोणी निवडले नसते. वाडग्यातल्या शेवया पाणी पिऊन लिबलिबीत झाल्या, याचे त्यांना वाईट वाटते आणि पाहणाऱ्याला वाटते की, आता देशाचे काही खरे नाही. पण तोक्योवर अणुबाँब टाकण्याची आंतरराष्ट्रीय तयारी झाली असताना हाच साधा गृहस्थ वेळ मिळवण्यासाठी फ्रान्सच्या राजदूतासमोर कमरेत वाकून उभा राहतो आणि कॅमेरा त्या वाकलेल्या पाठीवरून हलत नाही. जपानी माणसाच्या वाकण्यालाही मोजमाप असते, असे आमचे शिक्षक सांगत. ते मोजमाप मला त्या दृश्यात समजले.

अंतिम मोहिमेचे नाव ‘याशिओरी’ आहे. जपानी पुराणकथेत सुसानोओ हा देव आठ तोंडांच्या यामाता नो ओरोची सर्पाला जे कडक मद्य पाजून झिंगवतो आणि मग मारतो, त्या मद्याचे हे नाव. इथे मद्याऐवजी रक्त गोठवणारे द्रव्य आहे आणि ते गॉडझिलाच्या तोंडात ओतण्यासाठी काँक्रीट उपसण्याच्या लांब सोंडेच्या गाड्या आणल्या आहेत. २०११ साली फुकुशिमात पाणी ओतण्यासाठी अशाच गाड्या वापरल्या होत्या आणि लोकांनी त्यांना ‘जिराफ’ म्हटले होते. या तुकड्यांची नावेही सुसानोओच्या तलवारीवरून ठेवलेली आहेत. पहिली तुकडी जळून जाते आणि दुसरी तिच्या जागी येते, हे कोणतेही भाषण न करता दाखवले आहे. त्याआधी स्फोटके भरलेली चालकविरहित शिनकानसेन ही वेगवान आगगाडी आणि पहिली तुकडी संपल्यावर रोजच्या लोकल गाड्या गॉडझिलाच्या पायांवर जाऊन आदळतात. जपानमध्ये प्रेक्षकांना मोठ्याने ओरडायची मुभा देणारे खास खेळ झाले होते. या गाड्या निघाल्यावर तिथे काय जल्लोष झाला असेल, हे लोकलने रोज कामाला जाणाऱ्या मुंबईकरालाही सहज उमजेल.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. अमेरिकी अध्यक्षांची दूत म्हणून येणारी कायोको पॅटरसन ही व्यक्तिरेखा पटत नाही. सातोमी इशिहारा यांनी मेहनत घेतली आहे, परंतु अमेरिकेत वाढलेल्या आणि पुढे अध्यक्ष होऊ पाहणाऱ्या बाईचे इंग्रजी असे अडखळणारे असणार नाही. ही तक्रार परदेशी प्रेक्षकांनी केली आणि ती रास्त आहे. आजीला दुःख देणारा बाँब या देशावर तिसऱ्यांदा पडू नये, हे तिचे वाक्य चित्रपटातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्यांपैकी एक असूनही ते उपरे वाटते, याचे मला वाईट वाटते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सामान्य नागरिक इथे धावताना, भ्रमणध्वनीवर चित्रे टिपताना आणि निवारा केंद्रात बसलेले दिसतात, पण त्यांना आवाज नाही. फुकुशिमाजवळची ज्यांची घरे सुटली त्यांच्या मनात, अधिकारी इतके निष्ठेने झटले, हे चित्र पाहून काय आले असेल, हा विचार मला सोडत नाही. तरीही त्या वर्षी जपानच्या चित्रपट अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन यांसह सात पुरस्कार या चित्रपटाला दिले, ते मला योग्य वाटते.

२०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ आवडला म्हणून पुष्कळ जण मागे वळून हा चित्रपट पाहतात आणि निराश होतात. त्यात युद्धानंतरची सामान्य माणसे सरकारचा आधार नसताना एकत्र येतात. इथे सरकार हेच मुख्य पात्र आहे. तिथली कळकळ इथे शोधू नये. आणखी एक अडचण सबटायटल्सची आहे : खाली संवाद आणि वर हुद्द्यांच्या पाट्या एकाच वेळी धावतात आणि डोळे थकतात. पहिल्या वेळी पाट्या वाचायचा प्रयत्नच करू नये, चेहरे पाहावेत; दुसऱ्या वेळी पाट्या वाचाव्यात, म्हणजे संहारानंतर कोणाचा हुद्दा कोणाकडे गेला हे कळते आणि यागुचीच्याही पाटीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

शेवटी गॉडझिला तोक्यो स्थानकाजवळ गोठून उभा राहतो. तो हलला तर थांबवलेली अणुबाँबची उलटगणती पुन्हा सुरू होणार आहे आणि तीत एक तासही उरलेला नाही. कॅमेरा हळूहळू शेपटीच्या टोकाकडे जातो आणि तिथे माणसासारख्या आकृत्या शेपटीतून बाहेर पडता पडता गोठलेल्या दिसतात. त्या काय आहेत यावर आमच्या वर्गात अजून एकमत नाही. मी ते दृश्य थांबवून पाहिले : एका आकृतीचा हात पुढे आलेला आहे आणि बोटे पसरलेली आहेत.