आठ इंची डॉब्सोनियन आणि नाशिकची गच्ची: दिवाळीपासूनच्या वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी पुण्यातल्या एका हौशी निरीक्षकाकडून आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली, वापरलेली: तळाशी मोठा आरसा असलेली लांब नळी, जमिनीवरच्या बैठकीवर फिरणारी. हिवाळा, उन्हाळा आणि आता पावसाळ्याचा बराचसा भाग तिच्याबरोबर गेला. दुर्बीण म्हणून ती उत्तमच आहे. इंदिरानगरच्या गच्चीवरून, शहराच्या एवढ्या उजेडातही, गुरूचे पट्टे आणि मृगातला तेजोमेघ सुरेख दिसतो. अंजनेरीच्या बाजूला नेली तर विचारूच नका. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते दिवसा ती कुठे आणि कशी ठेवायची यावर. माहितीपुस्तकात ‘सूर्याकडे पाहू नका’ एवढंच असतं. डोळ्यांसाठी ते शंभर टक्के खरं आहे, आणि मुलांना तर ते पहिल्याच दिवशी बजावून सांगावं. पण दुर्बिणीमुळे आग लागायला तिला कुणी डोळा लावावा लागत नाही.

घरी आणल्यावर साफसफाई करताना फोकसरचं, म्हणजे डोळा लावायचं भिंग (आयपीस) बसवतात त्या नळकांड्याचं, काळं प्लास्टिकचं झाकण हातात आलं. त्याच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या रुंदीची वाकडी खळगी होती. आतून वितळून चकचकीत झालेली, कडांना बुडबुडे आलेले. आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, बाल्कनीत उभी असायची. एकदा जळका वास आला होता, पण कशाचा ते काही सापडलं नाही.” त्या खळगीचा आकार पाहिला आणि कशाचा ते माझ्या लक्षात आलं: आरशाने एकवटलेल्या उन्हाने ते झाकण वितळलं होतं.

हिशोब सोपा आहे. आरशाचा व्यास 203 मिमी, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे एकवटते तिथपर्यंतचं अंतर, 1200 मिमी. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला साधारण 1000 वॉट ऊन पडतं, त्यातलं 32 वॉट या आरशाच्या वाट्याला येतं. परावर्तनातली घट आणि नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या, दुय्यम आरशाची सावली वजा केली तरी पंचवीस वॉट राहतातच, म्हणजे टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या सोल्डरिंग आयर्नएवढी ताकद. ती सगळी 11 मिमीच्या गोलात एकवटते, कारण 1200 मिमीवर सूर्याची प्रतिमा तेवढीच होते. तिथे ऊन अडीचशे ते तीनशे पट दाट होतं. झाकणावरची खळगीही तेवढ्याच रुंदीची होती.

हा दाटपणा आरसा किती मोठा यावर नाही, तर नाभीय अंतर व्यासाच्या किती पट आहे यावर ठरतो. मुलांसाठी घेतात त्या 130 मिमी व्यासाच्या, 650 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत सूर्याची प्रतिमा जेमतेम 6 मिमीची पडते आणि ऊन माझ्या दुर्बिणीपेक्षाही दाट होतं, जवळपास दीडपट. म्हणून ‘आमची लहानच आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. नेम धरायला नळीवर लावलेल्या छोट्या दुर्बिणीचं, फाइंडरचंही तेच. त्याचं भिंग लहान, पण त्याला झाकण लावायचं बहुतेक जण विसरतात आणि आतल्या बारीक तारा जळून जातात.

शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 मध्ये बसवलेल्या 73 डिश आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांच्या वाफेवर तिथे स्वयंपाक होतो. तत्त्व हेच. फरक इतकाच की त्या डिश सूर्यामागे फिरवाव्या लागतात आणि आपल्या एका जागी उभ्या असलेल्या दुर्बिणीसमोर सूर्य आपणहून येतो. आकाशात तो चार मिनिटांत एक अंश सरकतो. नळीचा रोख सूर्याच्या पाच अंशांच्या आत असला की एकवटलेलं ऊन नळीच्या तोंडापाशी कुठेतरी पडतं: कधी कड्यावर, कधी दुय्यम आरशाच्या दांड्यांवर, कधी फोकसरमध्ये. सगळं मिळून फार तर पाऊण तास. त्यामुळेच वर्षभर काही होत नाही आणि मग एखाद्या दिवशी नेमकं होतं. बंद नळीऐवजी दांड्यांच्या सांगाड्याची, कापडी आवरणाची दुर्बीण असेल तर आणखी जपा, कारण तिथे त्या जागी पेटणारं कापडच असतं.

आता खास नाशिककरांसाठी. डॉब्सोनियन उभी करून, तोंड आकाशाकडे ठेवून द्यायची पद्धत आहे, जागा कमी लागते म्हणून. युरोपात ते चालून जातं, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपण 20 अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणजे उभ्या नळीच्या थेट आत. आणि हे त्या एका दिवसापुरतं नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यापासून पाच अंशांच्या आतच असतो. पावसाळ्यात ढग वाचवतात. मे महिन्यात कोण वाचवणार? त्याच दिवसांत गच्च्यांवर वाळवणं असतात. आमच्याकडे सासूबाईंच्या कुरडया प्लास्टिकच्या कागदावर आणि वरून जुनी सुती साडी. त्या म्हणाल्या, “अगं, हे धूड आधी खाली ने, मग मी कुरडया घालते.” त्यांना जागा हवी होती, मला साडीची काळजी होती. दोघींचं एकमत झालं.

दुसरी धोक्याची वेळ पहाटेची. रात्रभर बसलेलो असतो, शेवटी शुक्र किंवा कृष्णपक्षातली चंद्रकोर पाहून झोपायला खाली जातो आणि नळी पूर्वेकडेच रोखलेली राहते. थोड्याच वेळात सूर्य जवळपास त्याच वाटेने वर चढतो. कितीही झोप आली तरी झाकण लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

आवरणांचं सांगते. दुर्बिणीबरोबर आलेलं प्लास्टिकचं झाकण उन्हाने सैल पडलं आणि गच्चीवरच्या वाऱ्यात फडफडायला लागलं. त्याला भोक पाडून नायलॉनच्या दोरीने नळीला बांधलं, तेव्हा ते जागेवर राहायला लागलं. निळी ताडपत्री मी लगेच बाद केली. ती वाऱ्याने अर्धी सरकते, आरसा उघडा पडतो आणि तिची कड लोंबून नेमकी तोंडापाशी येते. वितळणारं प्लास्टिक तिथे अजिबात नको. शेवटी गाड्यांच्या कव्हरचं चंदेरी कापड आणून शिंप्याकडून वरून घालायची पिशवी शिवून घेतली, खाली नाडी ओवलेली. उन्हाळाभर कापड टिकलं. शिवणीचा दोरा मात्र मे संपता संपता कुजला, पुन्हा जाड दोऱ्याने शिवावा लागला. झाकण, त्यावर ही पिशवी, आणि नळी आडवी करून तोंड सरळ उत्तरेकडे: बाहेर ठेवणं भागच असेल तर असं ठेवते. जूनमध्येही सूर्य आपल्याकडे क्षितिजावर ठीक उत्तरेच्या जवळपास येत नाही. हिवाळ्यात दक्षिणेकडे तिरकी ठेवणं मात्र सर्वांत वाईट.

तरी खरा उपाय दुर्बीण आत नेणं हाच. सुताराकडून बैठकीखाली चाकं बसवून घेतली, आता मी एकटी ती जिन्याच्या खोलीत ढकलते. त्या खोलीची खिडकी पश्चिमेची आहे, म्हणून आतही झाकण असतंच. काचेतून आलेलं ऊनही ऊनच असतं.

कधी धूर दिसलाच तर नळीत डोकावू नका आणि तोंडावर हात धरू नका. सूर्याच्या बाजूने खोक्याचा मोठा पुठ्ठा आडवा धरून आधी तोंडावर सावली पाडा. ऊन तुटलं की पुढचं सगळं सोपं असतं. स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा ‘सन’ लिहिलेला छोटा फिल्टर येतो, तो फेकून द्या. सगळी उष्णता त्याच्यावरच एकवटते आणि तो तडकतो. सूर्य पाहायचा तर फिल्टर नळीच्या तोंडाला लावायचा, पूर्ण तोंड झाकणारा.

पावसाळ्यात या पिशवीची एक अडचण आहे: आत दमट हवा कोंडते आणि आरशावर बुरशी येण्याची भीती असते. पाऊस उघडला की पिशवी काढून, झाकण तसंच ठेवून, दुर्बिणीला सावलीत वारा लागू देते. फोकसरला नवीन झाकण घेतलंय, ॲल्युमिनियमचं.