सुपर मिटिओर ६५०: चालण्याच्या वेगात २४१ किलो

रॉयल एनफील्डच्या सुपर मिटिओर ६५० बद्दल हायवेवरचं कौतुक भरपूर लिहून झालं आहे, आणि ते खरंही आहे. पण साडेतीनशे सीसीवरून या गाडीवर येणाऱ्याची परीक्षा हायवेवर होत नाही. ती होते पार्किंगमध्ये, यू-टर्नला आणि सिग्नलला थांबताना. म्हणून इथे ताशी १० किलोमीटरच्या आतल्या वेगाबद्दलच बोलू.

त्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, हिचं २४१. दोन चाकांमधलं अंतर तिथे १३९० मिलिमीटर, इथे १५००. सीटची उंची मात्र ८०५ वरून ७४० वर येते आणि इथेच फसगत होते. बहुतेकांचे दोन्ही पाय सपाट टेकतात, गाडी सरळ उभी असताना वजन जाणवतच नाही, आणि शोरूममधून निघताना वाटतं की यात अवघड काही नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंच धरून हिशेब करा: गाडी ५ अंश कलली तर हँडलपाशी साधारण १० किलोचा जोर पुरतो, २० अंशांना ४० किलो लागतो, ३० अंशांना ६०. म्हणजे सावरायचं ते पहिल्या काही अंशांतच. त्यापुढे गेलेली गाडी पायाच्या जोरावर धरून ठेवू नका, गुडघा किंवा घोटा जायचा. हात सोडा, पाय बाहेर काढा, पडू द्या.

ती पडते मात्र वजनामुळे कमी आणि पुढच्या ब्रेकमुळे जास्त. हँडल वळलेलं आहे, वेग चालण्याइतका आहे, समोर कोणी आलं म्हणून उजव्या हाताने ब्रेक दाबला. पुढचे शॉकअप दबतात, गाडीला सरळ ठेवणारी गती एका क्षणात संपते, आणि आत कललेलं सगळं वजन त्याच बाजूच्या पायावर येतं. एवढ्या कमी वेगात एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा) मदतीला येत नाही, शिवाय हा घसरण्याचा प्रश्नच नाही. उपाय एकच: हँडल वळलेलं असताना ब्रेक लावायचा तो मागचा, आणि पूर्ण थांबण्याआधी हँडल सरळ करायचं. जुन्या हलक्या गाडीवर ही चूक पायाने झाकली जायची, त्यामुळे ती सवय आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

या बाबतीत गाडी स्वतः किती साथ देते? क्लच उत्तम. स्लिप-असिस्टमुळे (दाबायला कमी जोर लागणारी क्लचची रचना) लिव्हर हलका आहे आणि पकडतो कुठे ते बोटांना स्पष्ट कळतं. ६४८ सीसीचं जुळं इंजिन खालच्या आरपीएमला गुळगुळीत ओढतं, त्यामुळे हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धा सोडलेला असताना, गाडी हिसके देत नाही. लिव्हरचं अंतर अ‍ॅडजस्ट होतं. हात लहान असतील तर पहिल्याच दिवशी ते जवळ घ्या, कारण बोटांच्या टोकांनी धरलेला क्लच बारीक सोडता येत नाही.

कमकुवत बाजू आहे ती बसण्याची. फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) पुढे आहेत, त्यामुळे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरता येत नाही आणि पेगवर उभं राहून तोल साधणंही जमत नाही. पाय खाली टाकताना पेग पोटरीला लागत नाही, हा त्याच मांडणीचा फायदा. डावीकडे पूर्ण वळताना उजवा हात लांब ताणला जातो. खांदा सोबत फिरवला नाही तर नकळत थ्रॉटल ओढला जातो. मागचा ब्रेक शोधण्यासाठी बुटाचा तळवा पेगवरून उचलावा लागत असेल तर पेडलची उंची मेकॅनिककडून बसवून घ्या. यू-टर्नचा सगळा भार त्या पेडलवर आहे.

सराव मोकळ्या, सपाट आणि खडी नसलेल्या जागी. आधी सरळ रेषेत, जितकं हळू जमेल तितकं: थ्रॉटल स्थिर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित लावलेला. वेग क्लचनेच कमी-जास्त करायचा, थ्रॉटलला हात लावायचा नाही. ते जमलं की मोठा आठचा आकडा, मग लहान. गाडी आत झुकवा, शरीर बाहेरच्या बाजूला ठेवा, नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचं तिथे. इंजिन हवा आणि ऑइलवर थंड होतं आणि क्लच प्लेट तापतात, म्हणून मधे मधे थांबून गाडी चालू रस्त्यावर थोडी फिरवून आणा.

रिव्हर्स गिअर नाही, त्यामुळे पार्किंगची जागा निवडणं हे कौशल्यच आहे. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ढकलून निघत नाही. उतारावर मागचं चाक खालच्या बाजूला ठेवा आणि पहिला गिअर टाकून ठेवा. मऊ मातीत साइड स्टँडखाली सपाट दगड किंवा फळी हवीच.

पडलीच तर आधी इंजिन बंद करा, पेट्रोल गळतंय का बघा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा आणि गिअर टाका. डावीकडे पडली असेल तर दोन्ही गाडीखाली असतात, मग पुढचा ब्रेक पट्टीने आवळून बांधा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एक हात हँडलच्या ग्रिपवर, दुसरा चेसिसच्या भक्कम भागाला, पाठ ताठ, आणि लहान लहान पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उचला. कंबरेतून वाकून ओढू नका. उभी झाल्यावर जोर लगेच कमी करा, नाहीतर ती पलीकडे जाते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पडल्यावर सेन्सर इंजिन बंद करतो, म्हणून सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. निघण्याआधी लिव्हर, ब्रेक पेडल आणि गिअर लिव्हर वाकलेत का, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरतं का ते तपासा.

अ‍ॅक्सेसरीजमध्ये पहिला खर्च क्रॅश गार्डवर, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना लावायच्या धातूच्या कड्यांवर. तो इंजिनचं कव्हर तर वाचवतोच, शिवाय गाडी पूर्ण आडवी होत नाही आणि उचलायलाही सोपी जाते. बोल्ट महिन्यातून एकदा तपासा, धक्क्याने सैल झालेला गार्ड पुढच्या वेळी आत वाकतो. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट इतपतच आवळा की हाताने जोर लावल्यास लिव्हर फिरेल: पडल्यावर तो फिरतो, तुटत नाही. क्लचचा एक जादा लिव्हर टूलकिटसोबत ठेवा.