कॅनरी की एएसएलआर?

रामबागेतला भाचा परवा पोह्यांवर शेव भुरभुरत म्हणाला, "मामा, दुकानाच्या सर्व्हरवर सी भाषेत लिहिलेला जुना प्रोग्रॅम आहे. बफर ओव्हरफ्लोपासून बचावासाठी स्टॅक कॅनरी लावू की एएसएलआर?" बफर ओव्हरफ्लो म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा येऊन शेजारची मेमरी बिघडणं; हल्लेखोर त्याचाच फायदा घेतात. कॅनरी स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीवर, पहारा ठेवते; एएसएलआर प्रोग्रॅमचे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलतं.

मेहनत बघितली तर एएसएलआर स्वस्त. लिनक्समध्ये 2005 पासून आहे, बहुधा चालूच असतं. कॅनरीला सोर्स, म्हणजे मूळ कोड, हवा; जीसीसी या कंपायलरने पुन्हा कंपाइल करणं आलं.

पकड मात्र कॅनरीची घट्ट. रिटर्न अॅड्रेसच्या (फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं त्या पत्त्याच्या) अलीकडे एक गुप्त आकडा ठेवलेला असतो. फंक्शन परतताना तो बदललेला दिसला की प्रोग्रॅम तिथेच बंद. 64 बिट लिनक्सवर त्यातला एक बाइट मुद्दाम शून्य असतो, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) वाचणारं फंक्शन शून्याला शेवट समजून तिथेच अडतं. छान खोच आहे! पण हीपवरचा (प्रोग्रॅम चालताना मागून घेतो त्या मेमरीतला) ओव्हरफ्लो तिला दिसत नाही.

एएसएलआर ओव्हरफ्लो थांबवत नाही, नुसते पत्ते हलवतं. एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) बाहेर फुटला की खेळ संपला. 32 बिटवर तर पत्ते अंदाजानेही सापडतात.

सोर्स हरवलेला असेल तर एएसएलआरवरच भिस्त. सोर्स असेल तर आधी कॅनरी. भाच्याकडे सोर्स आहे, त्याने दोन्ही लावावं. एकाने दुसरं अडत नाही.