काळी गाडी, पांदण रस्ता आणि आठ महिन्यांचं वॅक्स

काळ्या रंगाची गाडी घेऊ नको, असं घरातल्या सगळ्यांनी बजावलं होतं. तरी घेतली. गाव दारव्हा तालुक्यात, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण. वर्षभरातच एका रात्री बोनेटवर मोबाइलचा टॉर्च मारला, तर उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या. यालाच स्वर्ल मार्क म्हणतात. रेघा खरं तर आडव्यातिडव्या सगळीकडेच असतात. ज्या उजेडाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून त्या गोल वाटतात.

गेल्या दसऱ्याला कार्नौबा वॅक्सचा, म्हणजे एका ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचा, एक डबा, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि चार टॉवेल मागवले. आता रोहिणी लागल्या, म्हणजे आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण वॅक्सचा यात वाटा कमीच आहे.

पहिले दोन महिने मी खुश होतो. वॅक्स लावलं की जाळं गायब, काच लावल्यासारखं बोनेट. डिसेंबरात टॉर्च मारला तर जाळं जसंच्या तसं! वॅक्स रेघांमध्ये भरून बसतं, रेघा काढत नाही. काढायला पॉलिशच लागतं, आणि पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, घासून पातळ करणं. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. दर वर्षी मशीन फिरवायची चैन परवडणारी नाही. फेब्रुवारीत एकदाच नागपूरला जाऊन पॉलिश करून घेतलं आणि ठरवलं, आता नवीन रेघ उठू द्यायची नाही.

रेघा येतात कुठून? आमच्याकडे तर फडक्यातूनच. सकाळी फाटका टी-शर्ट घेऊन धुळीच्या गाडीवर सपासप मारायचा, ही सवय. पांदणीची धूळ पिठासारखी मऊ वाटते, पण तिच्यात मुरमाचे कण असतात. कोरड्या कापडाखाली ते सँडपेपरच. शहरातल्या एका वॉशिंग सेंटरवर तर पोराच्या हातून फडकं खाली फरशीवर पडलं, त्यानं उचललं आणि तेच दारावर फिरवलं. मी समोर उभा होतो. काही बोललो नाही, हे माझंच चुकलं.

सगळ्यात जास्त फरक पाडला तो फवारणी पंपानं. पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप नवा घेतला आणि गाडीसाठीच ठेवला. तणनाशक मारलेला पंप चुकूनही वापरू नका. त्यात पाणी आणि थोडा कार शाम्पू घालून वरून खाली फवारायचं, चार-पाच मिनिटं सोडायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. हात लावायच्या आधीच निम्म्याहून जास्त माती खाली उतरते. शाम्पू गाडीवर वाळू मात्र द्यायचा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, ती खांदशेकण. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "खांदशेकण चालू हाये काय बे गाडीची? बैलाले तरी एवढं कोणी घासत नाही."

नंतर दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा एका दारावर सरळ रेषेत हलकेच फिरवायचा, साध्या पाण्यात पिळून काढायचा, मगच परत शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला काळा गाळ एकदा डोळ्यांनी बघा, एका बादलीत गाडी धुवायची हिंमत होणार नाही. टायर आणि खालचा भाग शेवटी, त्याचं फडकं वेगळं.

पाण्याचा त्रास वेगळाच. बोअरचं पाणी जड, उन्हात वाळलं की पांढरे ठिपके पडतात, ते काढायला घासावं लागतं, आणि घासलं की पुन्हा रेघा. म्हणून शेवटचं पाणी मी विकतच्या २० लिटर जारमधलं मारतो. मग मोठा टॉवेल गाडीवर पसरून फक्त दाबायचा आणि उचलायचा, ओढायचा नाही.

वॅक्स सावलीत, बोनेटला तळहात लावल्यावर गार लागेल तेव्हाच. मार्चमध्ये एका दुपारी घाई केली. वॅक्स गरम पत्र्यावर असं चिकटलं की काढता काढता हात दुखला, आणि जोरानं चोळल्याच्या तीन रेघा अजून डाव्या फेंडरवर आहेत. आता पहाटे साडेपाचला बसतो. थर इतका पातळ की लावल्याचं दिसू नये. जाड लावला तर डबा लवकर संपतो, चमक वाढत नाही. डब्यावर तीन महिने टिकतं असं लिहिलंय. माझ्या उन्हात उभ्या गाडीवर पाच-सहा आठवड्यांत पाण्याचे थेंब मण्यासारखे घरंगळणं बंद होतं.

टॉवेलबद्दल एक तक्रार. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगणात उडणारे तंतू त्यात असे अडकतात की हातानं वेचावे लागतात. घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकला तर गेलाच. वेगळा धुवा, कम्फर्ट घालू नका. कोपऱ्याला शिवलेलं लेबल मी पहिल्याच दिवशी कापलं. तेही ओरखडतं.

दसऱ्याला आईनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर अक्षता. दोन दिवसांनी पुतण्यानं प्रेमानं कोरड्या कापडानं पुसलं. फेब्रुवारीतल्या पॉलिशनं बाकीचं बोनेट साफ झालं, ती जागा मात्र पूर्ण गेली नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की तिथं अजून पुसट स्वस्तिक दिसतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग चांगलंच हाये की, दरसाली काढाचं कामच नाही."