प्लास्टिकची कॉलर की सुती अंगरखा : कारवानी कुत्रीच्या वंध्यीकरणानंतरचा अनुभव

आमची मैना ही दोन वर्षांची कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची कुत्री. तिच्या वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया आम्ही यंदा फेब्रुवारीत सोलापुरातच करून घेतली. तिने टाके चाटू नयेत म्हणून दवाखान्यातून मिळालेली, डोक्याभोवती नरसाळ्यासारखी बसणारी प्लास्टिकची कॉलर आणि ऑनलाइन मागवलेला सुती अंगरखा, अशा दोन्ही वस्तू आम्ही वापरल्या. आता पावसाळा लागला आहे आणि पोटावरचे भादरलेले केसही पूर्ववत झाले आहेत, तेव्हा या दोन्हींविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. या वस्तू लॅब्रॅडॉरसारखा भरीव कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब निमुळते तोंड असलेल्या आपल्याकडच्या कारवानीला त्या जशाच्या तशा बसत नाहीत.

शस्त्रक्रियेची वेळ डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरवली होती. माजात असताना गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून माज संपल्यानंतर दोन-तीन महिने जाऊ देणे बरे असते. तो काळ जानेवारीत पुरा होत होता. परंतु सोलापुरात त्याच महिन्यात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या आवाजाने मैना घरभर सैरावैरा पळते, हे माहीत असल्यामुळे आम्ही यात्रा होऊ दिली. कारवानी पाळणाऱ्यांनी भुलीआधी जात आवर्जून सांगावी. अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी कुत्र्यांना थायोपेंटोनसारख्या औषधाची भूल उतरायला फार वेळ लागतो आणि त्यांचे अंगही लवकर गार पडते. घरी आणल्यावर मैना बराच वेळ थरथरत होती, तेव्हा बाहेर ऊन असूनही तिला सोलापुरी चादरीत गुंडाळून पंख्यापासून दूर निजवावे लागले.

कॉलरची अडचण पहिल्याच रात्री कळली. कारवानीचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे मानेला नीट बसलेली कॉलर तिने पुढच्या पंज्याने दोनदा ओढताच कानांवरून सटकली. नेहमीच्या गळपट्ट्यात कॉलरच्या पट्ट्या ओवून आणि तो पट्टा छातीवरच्या हार्नेसला बांधून हा प्रश्न सुटला. दुसरे म्हणजे लांबी. कॉलरची कड नाकाच्या पुढे किमान दोन बोटे जायला हवी; मापाच्या तक्त्याप्रमाणे घेतलेली कॉलर मैनेच्या नाकापर्यंतच पोहोचत होती आणि मान वळवली की जीभ सहज टाक्यांपर्यंत जात होती. एक आकार मोठी कॉलर घेतल्यावर ती दाराच्या चौकटींवर आपटत फिरू लागली आणि पाण्याचे भांडे पाटावर ठेवावे लागले, पण जखम सुरक्षित राहिली. कॉलरचा मोठा गुण असा की जखम उघडी राहते, तिला वारा लागतो आणि सकाळ-संध्याकाळ ती न धडपडता पाहता येते.

अंगरखा पाठीच्या लांबीवरून मागवायचा असतो. लांबी बरोबर आली, छातीलाही तो बसला, मात्र पोटाशी इतका ढगळ होता की मैना लोंबणारे कापड तोंडात धरून चोखत बसे आणि ओले कापड नेमके टाक्यांवर चिकटे. कापडाआडून चाटणे हे उघड्या जखमेवर चाटण्याइतकेच वाईट, कारण ओलाव्यात जखम चिघळते. मात्र शाळांच्या गणवेशांवर पोट असलेल्या या शहरात शिलाईसाठी लांब जावे लागत नाही. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी अंगरखा उलटा करून तिच्या अंगावरच टाचण्या लावल्या, पोटाकडून दोन्ही बाजूंनी कापड आत घेतले आणि त्याच बेताने होजिअरीचा आणखी एक अंगरखा मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत शिवून दिला. शेपटीकडचा भाग लघवीच्या वेळी वर दुमडून अडकवता यावा म्हणून त्याला पाठीवर टिचबटणे लावली. विकतच्या अंगरख्यात तिथे नुसती नाडी होती आणि ती दरवेळी भिजत असे. दोन अंगरखे हवेतच, कारण एक धुऊन वाळेपर्यंत दुसरा अंगावर लागतो.

उकाड्याचा विचार मात्र प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे करावा. कुत्र्याचे अंग घामाने थंड होत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते. सोलापुरात फेब्रुवारीअखेरच्या दुपारी मैना अंगरख्यात लागोपाठ धापा टाकू लागली, तेव्हापासून दुपारी कोणीतरी शेजारी बसून अंगरखा काढायचा आणि रात्री, आमचा डोळा लागण्यापूर्वी, कॉलर घालायची असा क्रम आम्ही ठेवला. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया असती तर मी अंगरख्याच्या वाटेला गेलो नसतो.

टाक्यांखाली काही काळ कडक रेघ हाताला लागत होती आणि एका टोकाला थोडी मऊ सूज होती. आतल्या टाक्यांमुळे आणि साठलेल्या पाण्यामुळे असे होते, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले व पुढे ते आपोआप जिरले. मात्र लाली वाढणे, वास येणे किंवा पू दिसणे यांपैकी काही आढळल्यास थांबू नये. वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेलेच औषध द्यावे. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. बाहेरचे टाके साधारणतः 10 ते 14 दिवसांनी काढतात आणि तोपर्यंत धावणे, उडी मारणे व अंघोळ बंद असते. यातले धावणे थांबवणे सर्वांत कठीण गेले, कारण दोन-तीन दिवसांतच तिला काहीच झाले नसल्यासारखे वाटू लागले होते.

आता पुढच्या महिन्यांविषयी. मैनेचा स्वभाव बदललेला नाही, आणि काही माद्यांना वंध्यीकरणानंतर झोपेत लघवी गळण्याचा जो त्रास होतो तो अद्याप तिला झालेला नाही. वजन मात्र वाढू लागले होते. या शस्त्रक्रियेनंतर शरीराची अन्नाची गरज कमी होते, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने भाकरी-दुधाचा वाटा कमी केला. शेजारपाजारचे लोक फासळ्या पाहून 'कुत्री वाळली' म्हणतात आणि गुपचूप बिस्किटे घालतात. कारवानीच्या शेवटच्या काही फासळ्या दिसणे हेच तिच्या तब्येतीचे लक्षण आहे, हे त्यांना पटवणे टाके सांभाळण्यापेक्षा अवघड आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर मोठ्या मापाच्या कॉलरला चार, विकतच्या अंगरख्याला दोन आणि टेलरकाकांनी शिवलेल्या अंगरख्याला साडेचार. अंगरखा बनवणाऱ्यांनी मापाच्या तक्त्यात छातीचा आणि कंबरेचा घेर वेगवेगळा द्यावा, एवढी दुरुस्ती केली तरी शिकारी जातींच्या मालकांचे निम्मे पैसे वाचतील.