मोठ्या मापाचा वेगळा भाव: रोजच्या वापराचे कुर्ते काही महिने घालून झाल्यावर

लातूरमध्ये नोकरी करताना मला वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस सुती कुर्ता लागतो आणि माझे माप थ्री एक्सएल आहे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी रोजच्या वापराचे कुर्ते मुद्दाम तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले. काही गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानातून तयार घेतले, काही ऑनलाइन मागवले आणि काही ताग्यातून कापड फाडून घेऊन शिंप्याकडे शिवायला टाकले. ते सगळे उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी असे सलग वापरून झाले आहेत. कुर्ते टिकले कसे, हे लिहायचे आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की, थ्री एक्सएलसाठी जे जास्तीचे पैसे घेतले जातात ते नेमके कशाचे असतात आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला काही मिळते का.

आधी भाव सांगते. दुकानातला कुर्ता एसपासून डबल एक्सएलपर्यंत 750 रुपयांना होता आणि थ्री एक्सएल 850 रुपयांना. ऑनलाइन घेतलेल्या कुर्त्याच्या चित्राखाली 699 रुपये लिहिलेले होते. मात्र थ्री एक्सएलवर बोट ठेवताच तो आकडा 879 झाला आणि सवलतीचे कूपनही त्या मापाला लागू झाले नाही. शिंप्याकडच्या कुर्त्याला 160 रुपये मीटरचे अडीच मीटर कापड लागले, म्हणजे 400 रुपये, आणि शिलाई 300 रुपये, असे मिळून 700 रुपये झाले. त्याच ताग्यातून माझ्या मुलीचा एम मापाचा कुर्ता पावणेदोन मीटरमध्ये झाला आणि तिची शिलाईही 300 रुपयेच होती, म्हणजे तो 580 रुपयांना पडला. आम्हा मायलेकींच्या कुर्त्यांत 120 रुपयांचा फरक आला आणि त्यातला रुपयान् रुपया पाऊण मीटर कापडाचा होता. मोजपट्टीवर दाखवता येईल असा हा फरक देताना मला काडीचीही तक्रार नव्हती. शिलाईचे विचारल्यावर मास्तर म्हणाले, "ताई, टीप चार बोटं जास्त पडतीय, त्याचं काय घ्यायचं? काज-बटण तेवढंच, मेहनत तेवढीच."

कापड नेमके कुठे वाढते, हे त्यांच्या कटिंगच्या टेबलापाशी उभे राहिल्यावर स्पष्ट दिसते. या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 44 इंचांची होती. सरळ कटाच्या कुर्त्याचा पुढचा आणि मागचा भाग माया (शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड) धरून प्रत्येकी 22 इंचांत बसत असेल, तर दोन्ही भाग एकमेकांशेजारी ठेवून एकाच लांबीत कापता येतात. भाग 22 इंचांच्या पुढे गेला की तो शेजारी मावत नाही आणि खाली दुसरी लांबी घ्यावी लागते. म्हणजे कापड मापागणिक थोडेथोडे वाढत जात नाही, तर एका ठिकाणी एकदम उडी घेते आणि त्यानंतर बराच काळ जवळपास तेवढेच राहते. उरलेल्या लांब पट्टीतून बाह्या निघतात, त्यामुळे ती उडीही थोडी भरून येते.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथेच आहे. घेर धरून हिशेब केला तर ही उडी एमच्या पुढे, म्हणजे एल किंवा एक्सएलपाशी येते. एक्सएलचे आणि डबल एक्सएलचे दोन्ही भागसुद्धा 44 इंचांच्या पन्ह्यात शेजारी बसत नाहीत. तरीही बाजारात एस आणि डबल एक्सएल यांचा भाव सारखा असतो आणि वाढ होते ती डबल एक्सएलच्या पुढे, जिथे कापडाची वाढ पुन्हा किरकोळच असते. थ्री एक्सएलची किंमत खरोखर कापडामुळे वाढत असती तर ती एलपासूनच चढायला हवी होती आणि एस घेणाऱ्या मुलीला कुर्ता आणखी स्वस्त मिळायला हवा होता. कारखान्यात तर परिस्थिती याहून सोयीची असते. तिथे अनेक मापांचे भाग एकाच आखणीत मिसळून बसवतात, कापडाचे थरावर थर अंथरून एकदम कापतात आणि मोठ्या मापाशेजारी उरलेल्या जागेत लहान मापाचा भाग बसवतात. 58 इंचांचा पन्हा असेल तर मोठ्या मापाचे दोन्ही भागही शेजारी येतात. माझ्या एका कुर्त्यासाठी मास्तरांना जेवढे कापड जास्त लागते, तेवढे कारखान्याला लागत नाही.

मग 100 किंवा 180 रुपये कशाचे? याचे सरळ उत्तर गंजगोलाईतल्या दुकानदारांनीच दिले. "सेटमध्ये थ्री एक्सएल येतच नाही बघा ताई, ते वेगळं मागवावं लागतंय." घाऊक बाजारात कुर्ते सुटे मिळत नाहीत; एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएल असा चार नगांचा सेट एका दराने उचलावा लागतो. त्यापुढच्या मापांचा सेट निराळा, त्याचा दर निराळा आणि तो कमी नगांत तयार होत असल्यामुळे प्रत्येक नगावर पडणारा खर्चही जास्त. शिवाय दुकानात पडून राहण्याची भीती मोठ्या मापाला अधिक असते, असे दुकानदार मानतात. मला त्यांचे म्हणणे खोटे वाटत नाही. परंतु याचा अर्थ असा होतो की मी जास्तीचे पैसे कापडासाठी देत नसून, कोणीतरी सेटची सीमा डबल एक्सएलवर आखली म्हणून देते. ती सीमा थ्री एक्सएलवर आखली असती तर एका नगामागे पाच-दहा रुपये सगळ्यांमध्ये विभागले गेले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

मापागणिक भाव वाढणे हेच मुळात अन्यायाचे आहे, असे मी मानत नाही. बनियनचे उदाहरण प्रत्येक घरात आहे. 80, 85, 90 असे सेंटिमीटरमधले आकडे वाढतात तशी किंमतही पायरीपायरीने वाढते आणि आजवर कोणी त्याबद्दल दुकानदाराशी भांडल्याचे ऐकले नाही. शाळेच्या गणवेशाचेही तसेच असते. 22 नंबरपेक्षा 24 नंबर थोडा महाग, 26 त्याहून थोडा महाग, हे जूनमध्ये दुकानात रांग लावणाऱ्या प्रत्येक पालकाला ठाऊक असते. तिथे पायऱ्या सर्वांत लहान मापापासून सुरू होतात आणि प्रत्येक पायरी सारख्या उंचीची असते. कुर्त्यांमध्ये मात्र पाच मापांपर्यंत सपाट रस्ता आणि नंतर अचानक भिंत. त्यातही आमच्या घरातली एक गोष्ट मला फार खटकते. माझ्या यजमानांचे तयार शर्ट 38 नंबरपासून 44 नंबरपर्यंत एकाच भावात मिळतात.

हा भेद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 2014 साली ओल्ड नेव्ही या कंपनीवर याच मुद्द्यावरून टीका झाली होती, कारण ती बायकांच्या मोठ्या मापांना जास्त किंमत लावत होती आणि पुरुषांच्या मोठ्या मापांना लावत नव्हती. 2021 मध्ये तिने बायकांच्या सर्व मापांची किंमत सारखी केल्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने मोठ्या कपच्या ब्रांवर लावलेला 2 पौंडांचा जादा आकार ग्राहकांच्या मोहिमेनंतर 2009 मध्ये मागे घेतला. तिथल्या बायकांनी हा विषय लाजेचा न मानता दुकानदारापुढे मांडला. आपल्याकडे थ्री एक्सएल मागताना बायका आवाज खाली आणतात आणि सांगितलेला भाव मुकाट्याने देतात.

कराचाही यात वाटा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 1000 रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर 5 टक्के जीएसटी होता आणि त्यावर 12 टक्के. म्हणजे करापूर्वीची किंमत 950 असलेला कुर्ता 997 रुपये 50 पैशांना मिळे आणि त्याच नमुन्याचे मोठे माप 1050 ला असेल तर ते 1176 ला पडे. कारखानदाराने 100 रुपये वाढवले, पण आपल्या खिशातून साडेअठ्ठ्याहत्तर रुपये आणखी गेले. आता ही मर्यादा 2500 रुपयांवर गेल्यामुळे रोजच्या कुर्त्यांपुरता हा प्रश्न संपला आहे, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. लग्नसराईच्या कपड्यांत मात्र तो अधिक तीव्र झाला आहे, कारण 2500 च्या वर कर आता 18 टक्के आहे. एखाद्या ड्रेसचे लहान माप करापूर्वी 2450 ला आणि मोठे माप 2600 ला असेल, तर हातात येणारी बिले 2572 रुपये 50 पैसे आणि 3068 रुपये अशी होतात. दीडशेचा फरक जवळजवळ पाचशेवर जातो. अशा वेळी दुकानदाराशी दीडशे रुपयांसाठी घासाघीस करणे योग्य आहे आणि ती मी दिवाळीत केली.

आता वापराविषयी. जास्तीचे पैसे देऊन अंगाला नीट बसणारा कुर्ता मिळत असेल तर मी ते आनंदाने देईन, कारण मोठ्या मापाचा चांगला नमुना काढणे हे खरे कौशल्याचे काम आहे. शरीर सगळीकडे सारखे वाढत नाही. छाती आणि कंबर वाढली म्हणून खांदा त्याच प्रमाणात रुंद होत नाही, पण दंड आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) यांना जागा लागते. ऑनलाइन आलेल्या, म्हणजे सर्वांत जास्त फरक आकारलेल्या कुर्त्यात नेमके याच्या उलट होते. गळा इतका मोठा की तो खांद्यावरून घसरायचा, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, आणि मुंढा मात्र काचणारा. एमचा नमुना सर्व बाजूंनी सारखा फुगवला की असेच होते. एप्रिलच्या उन्हात, घामाने कापड अंगाला चिकटत असताना, तो काच दुपारपर्यंत असह्य होई. कुर्ता उलटा करून पाहिला तर बाजूच्या शिवणीला माया जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच होती आणि त्यातलीही अर्धी ओव्हरलॉकने खाल्लेली. पावसाळ्यात काखेत शिवण उसवली तेव्हा मास्तरांकडे नेला. सैल करायला आत कापडच नव्हते. परत पाठवण्याची मुदत तोवर उलटून गेली होती.

दुकानातला कुर्ता त्यापेक्षा बरा निघाला. मुंढा ठीक होता आणि कापड जाड होते. पण आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात त्याचा मरून रंग दिवाळीपर्यंत विटला आणि पहिल्या काही धुण्यांतच लांबी बोटभर आटली. शिंप्याकडचे कुर्ते आजही नव्यासारखे बसतात. मास्तरांनी कापड आधी भिजवून वाळवून आणायला सांगितले होते, त्यामुळे ते आटले नाही; बाजूला पाऊण इंच माया सोडलेली आहे आणि काखेत वेगळी कळी, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, जोडली आहे, जिच्यामुळे हात वर केला तरी शिवणीवर ताण येत नाही. त्यांचा एकच दोष आहे, तो म्हणजे वेळ. सणासुदीत त्यांच्याकडे कुर्ता आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

मापाच्या अक्षरांवर मी आता विसंबत नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल याबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधले माप लिहिणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार आवश्यक आहे. लेबलवर ते असेल तर तोच आकडा पाहावा, आणि तो आकडा अंगाचा आहे की कपड्याचा, हेही विचारून घ्यावे. 46 इंच अंगाला 46 इंचांचा कुर्ता घातला तर श्वास घेता येत नाही. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय शरीरांची मोजमापे घेऊन देशाचे स्वतःचे मापतक्ते करण्याचा इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला आहे. ते तक्ते कारखान्यांपर्यंत पोहोचले आणि त्यांनी ते पाळले, तर थ्री एक्सएलचा नमुना एम फुगवून काढण्याची सबब उरणार नाही.

सध्या मी रोजचे कुर्ते मास्तरांकडेच शिवते आणि घाईच्या वेळी गंजगोलाईतून तयार घेते. त्या दुकानदारांना मी सांगून ठेवले आहे की, वेगळ्या सेटचे 100 रुपये मी देईन, पण कुर्ता आधी उलटा करून शिवण पाहीन. त्यांची त्याला हरकत नाही. ऑनलाइन कुर्ता मागवणे मात्र मी बंद केले आहे.